वाऱ्याची सूट

तीर्थस्वरूप भाऊजींना साष्टांग नमस्कार, आणि आमच्या ताईला नुसताच नमस्कार (साष्टांग घातला तर ती म्हणेल, ह्याला नक्की काहीतरी हवंय).

तुमचं पत्र पोचलं. तुमची मान आता दोन्ही बाजूंना वळते हे वाचून जिवात जीव आला. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांत वाकून वाकून बघायचं म्हटल्यावर मान धरणारच, तिचा तरी काय दोष? शेक चालू ठेवा आणि उंच उशी घेऊ नका. ताईचं पित्त कसं आहे? धाकटीचे पुढचे दात आले का, की अजून बोलताना तोंडातून फुंकरच येते? इकडे आम्ही दोघंही खणखणीत आहोत. मुख्य म्हणजे बाबांना तुमच्याकडे करमतंय हे वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्यांना खुशाल ठेवून घ्या. महिनाभर ठेवा, वर्षभर ठेवा, आमची काडीचीही अडचण नाही. घरात आता जागाच जागा झाली आहे. आरामखुर्ची मोकळी असते, पेपर मला कोरा करकरीत मिळतो, रेडिओ माझ्या मर्जीने लागतो आणि माझ्याच मर्जीने बंद होतो. इतकं सुख आहे की एका जागी बसवत नाही. (हे एवढं लिहितानाच मी एकदा नळ नीट बंद आहे का ते बघून आलो, आणि तो नीट बंद होता म्हणून खात्री करायला परत जाऊन आलो. आता बसलो आहे. लिहितो.)

तुम्ही विचारलं आहे, की बाबा उठल्यासुटल्या 'विंडेज, विंडेज' म्हणतात ते काय प्रकरण आहे, आणि त्यावर काही औषध द्यायचं असतं का. भाऊजी, तो आजार नाही, तो आमच्या घराण्याचा व्यवसाय आहे. बाबांची सगळी नोकरी चांदमारीच्या मैदानावर नेमबाजी शिकवण्यात गेली हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता बंदुकीतून सुटलेली गोळी सरळ जाते असं तुमच्यासारख्या सरळ माणसाला वाटणार. छे! वाटेत वारा असतो ना. डावीकडून वारा आला की तो गोळीला उजवीकडे ढकलतो. म्हणून नेम मुद्दामच जरा डावीकडे धरायचा, मग वारा तिला ढकलत ढकलत बरोबर मधोमध आणून सोडतो. ह्या बाजूला धरायच्या अंदाजाला म्हणायचं विंडेज, आणि त्यासाठी बंदुकीच्या दुर्बिणीवर जी चकती फिरवतात तिलाही तेच म्हणायचं. आम्ही घरात त्याला 'वाऱ्याची सूट' म्हणत आलो.

मैदानावर हे ठीक होतं. पण बाबांनी ते घरी आणलं. समोरच्याच्या तोंडावर वारा कुठून कुठे वाहतोय ते आधी बघावं आणि मग तेवढं बाजूला धरून मागावं, असं त्यांनी आम्हाला अक्षरओळख व्हायच्या आत शिकवलं. आईला भिंतीवर साधी फळी हवी असली की ती लोखंडी कपाट मागायची. बाबा कपाटाला साफ नाही म्हणायचे, मग पेटीलाही नाही म्हणायचे, आणि फळीवर आले की दोघंही जिंकल्यासारखे चहा प्यायचे. मला सहलीला जायचं असलं की मी शाळाच सोडतो म्हणून जाहीर करायचो. ज्याला जे हवं ते त्याने तोंडाने कधी मागितलं नाही, आणि तरी सगळ्यांना सगळं मिळत गेलं. तुमच्या लग्नाचंच घ्या. (हा भाग ताईसमोर मोठ्याने वाचू नका.) तिला तुमच्याशीच लग्न करायचं होतं, म्हणून ती बाबांना म्हणाली की मला सर्कशीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्याशी लग्न करायचंय. असा कोणी इसम अस्तित्वातच नव्हता. बाबांनी जेवण टाकलं, आईने डोळ्याला पदर लावला, आणि ट्रम्पेटपासून उतरत उतरत गाडी चष्म्याच्या दुकानापाशी आली तेव्हा सगळ्यांना तुम्ही देवासारखे वाटलात. आता खरी गंमत सांगतो. बाबांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं. ताई रोज वाट वाकडी करून तुमच्या दुकानावरून जाते हे पाहून ते स्वतः तुमच्याकडे डोळे तपासायला येऊन गेले होते. तुम्ही त्यांना सांगितलंत की तुमची नजर उत्तम आहे, चष्मा लागत नाही, उगाच खर्च करू नका. त्याच क्षणी त्यांनी तुम्हाला पसंत केलं. जेवण टाकलं ते फक्त ताईने नेम आणखी लांब धरू नये म्हणून.

तर हा झाला बाबांचा अर्थ. पण आमच्या घरात विंडेजवर एकट्या बाबांची सत्ता नाही. तुम्हाला माहीत आहे, आमची ही मोटर वाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त झालेल्या मोटरी तपासते. त्यांच्यात विंडेज म्हणजे निराळंच. मोटरीचा फिरणारा भाग आतल्या आत हवा घुसळत बसतो, त्यात जी ताकद फुकट जाते ते विंडेज. पाणी वर चढत नाही, चक्की फिरत नाही, नुसती घूंऽऽ घूंऽऽ आणि अंग गरम. हे सगळं तिने मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात समजावलं, आणि समजावताना माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी अजून विसरलेलो नाही. (मी स्वभावाने जरा चुळबुळ्या आहे हे मान्य. ह्या वाक्याच्या आधी मी गॅलरीत जाऊन आलो. काही नव्हतं तिथे.) हिच्या माहेरी सगळे तुमच्यासारखे. मीठ हवं असलं की म्हणतात, मीठ दे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलोच होतो.

तिसरा अर्थ आमच्या खाली राहणाऱ्या कप्तानाचा. कप्तान म्हणजे नदीच्या ह्या काठावरून त्या काठावरच्या स्टेशनकडे जी लाँच जाते ती चालवणारा. (गणवेशाची टोपी त्याची त्यानेच विकत आणली आहे.) त्याच्या मते बोटीचं जेवढं अंग पाण्याच्या वर, तेवढं तिचं विंडेज. केबिन आली, कठडा आला, ताडपत्री आली, आणि उभे राहणारे उतारू आले. वारा ह्या सगळ्याला धरतो आणि बोटीला भलतीकडे नेतो. त्यामुळे कोणी उभं राहिलं की तो लगेच खेकसतो. बाबांचं आणि त्याचं ह्यावरून जिन्यात रोज वाजायचं. खरं विंडेज कुणाचं, ह्यावर दोघं तावातावाने भांडत आणि वर ही येऊन म्हणे, तुम्हा दोघांचं हे जे चाललंय तेच माझंवालं.

आता मूळ गोष्टीवर येतो. येतच होतो, मध्ये फक्त शाई भरायला उठलो.

बाबांना वारा बघितल्याशिवाय चैन पडत नाही. निवृत्त झाल्यापासून त्यांनी गॅलरीत एक लाल फीत बांधली आहे, आणि घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवून ते तिच्याकडे बघत बसतात. आणि मी काय करतो? मी छापखान्याची मुद्रितं घरी आणून तपासतो. म्हणजे सुटे, हलके, लांबट कागद, टेबलावर पसरलेले, खिडकीसमोर. पुढचं तुम्हीच समजा. मी कागदांवर अडकित्ता ठेवला, इस्त्री ठेवली, भांडी ठेवली, दोन्ही कोपरं ठेवली आणि पेन दातात धरलं, तरी एक न एक कागद उडायचाच. शेवटी प्रथमोपचाराच्या पुस्तकातलं 'बुडालेल्या माणसास बाहेर काढल्यावर काय करावे' हे पान उडालं आणि थेट नदीत बुडालं. कप्तानाने ते आकड्याने बाहेर काढलं आणि इंजिनावर वाळवून आणून दिलं. छापखान्याच्या मालकांनी ते हुंगून बघितलं आणि मला विचारलं की आपण घर बदललंत की धंदा? घरी येताना ठरवलं, बस्स, आज सांगायचंच. मी कामाला बसलो की माझ्या टेबलासमोरची एक खिडकी, एकच, लावून घ्यायची. एवढंच हवं होतं मला, भाऊजी. शपथ घेऊन सांगतो, एक खिडकी.

तुम्ही असतात तर म्हणाला असता, बाबा, ती खिडकी जरा लावता का. आणि त्यांनी लावली असती. पण मी पडलो त्यांचा मुलगा! खिडकी मागायची म्हणजे खिडकीवर नेम धरून कसं चालेल? मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, वारा अंदाजला, आणि म्हणालो की बाबा, हे घर फारच वाऱ्याचं आहे, तुमच्या छातीला बाधेल, आपण घरच बदलू या. माझा हिशेब असा, की ते घर सोडायला नाही म्हणतील, मग सगळ्या खिडक्या लावायला नाही म्हणतील, आणि एका खिडकीवर तडजोड होईल. पण बाबांना वाटलं की हा घर नको म्हणतोय म्हणजे ह्याला घर नव्हे, आपण नको आहोत. (हे आता लिहिताना कळतंय. तेव्हा कळलं नाही.) मग त्यांनीही सूट धरली. म्हणाले, घर कशाला बदलता, मीच लेकीकडे जातो. त्यांची अपेक्षा होती की मी हात जोडून नको म्हणेन. मला वाटलं, यांना हवापालट म्हणून चार दिवस जायचं असेल, नाहीतर नुसती माझी माफी हवी असेल, तर आपण जरा पुढे धरू म्हणजे ते आपोआप मागे येतील. मी म्हणालो, अवश्य जा, चार दिवस कशाला, चांगले कायमचे जा. ते म्हणाले, मग मोठी ट्रंकच काढ. मी म्हणालो, ट्रंकेबरोबर आरामखुर्चीही पाठवतो. ते म्हणाले, खुर्ची राहू दे, तुला बसायला होईल. ही वाटीएवढे डोळे करून एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. शेवटी तिने विचारलं, अहो, पण जायचंय कुणाला? आम्ही दोघंही ट्रंक काढायला लागलो. आमच्यात असला प्रश्न विचारत नाहीत.

ट्रंक भरताना मी वाट बघत होतो की आता ते म्हणतील, राहू दे रे. ते वाट बघत होते की आता हा कपडे परत फडताळात ठेवेल. मी त्यांचे लोकरी मोजे सुद्धा भरले, म्हणजे हिवाळ्याचा विषय निघेल आणि ते चिडून म्हणतील की हिवाळ्यापर्यंत राहतोय कोण तिथे. त्यांनी मोजे बघितले आणि मुकाट्याने मफलरही आणून दिला. धक्क्यावर तर कमालच झाली. बाबा लाँचमध्ये चढले आणि बसेनात. छत्री उघडून ताठ उभे, काठाकडे तोंड करून. मी हाक मारतो की नाही ते त्यांना बघायचं होतं. मी काठावर उभा, ते उतरतात की नाही ते बघत. कप्तान ओरडतोय, आजोबा बसा, वारा धरताय! पण आजोबा कसले बसतात? छत्रीत वारा भरला, लाँच आडवी झाली, समोरच्या काठाला जायची ती वळून पुन्हा आमच्याच धक्क्याला येऊन आदळली. उतारू बोंबलले. मला आनंदाने वेड लागायचं बाकी होतं. म्हटलं, झालं, आला योग. बाबा माझ्यापासून हाताच्या अंतरावर होते. मी हात पुढे केला, तो धरून ते उतरले असते. आणि माझ्या ह्या तोंडातून काय निघालं सांगू? मी म्हणालो, बाबा, छत्री मिटा, नाहीतर गाडी चुकेल.

त्यांनी छत्री मिटली. मग बसले. मग लाँच सरळ गेली.

(आत्ता बराच वेळ उठलो होतो. कशाला ते सांगत नाही.)

असो. तर आता घरात वारा नाही. सगळ्या खिडक्या लावल्या आहेत, कागद जागच्या जागी मेल्यासारखे पडून असतात, आणि मला एक ओळ धड तपासता येत नाही. परवा मी 'जखम' हा शब्द तीन निरनिराळ्या पद्धतींनी बरोबर ठरवला. मग खिडकी उघडतो, कागद उडतात, ते धरायला धावतो, तेवढंच बरं वाटतं. ही म्हणते, तुमचं आता सगळंच्या सगळं विंडेज झालंय, काम शून्य. जिन्यात कप्तान भेटतो तो भांडायला कुणी नाही म्हणून माझ्याशी भांडू बघतो, पण माझ्यात ती मजा नाही असं त्याने तोंडावर सांगितलं. रेडिओ लावतो आणि बंद करतो. तरी काळजीचं कारण नाही. आम्ही मजेत आहोत.

तुमच्या पत्राच्या शेवटी बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे की 'इथे फार छान आहे, हवा स्थिर आहे, मी आता इथेच राहीन म्हणतो, तुम्ही माझी वाट बघू नका.' ते वाचून मी पेचात पडलो आहे. एवढ्या लांबून मला वाऱ्याचा अंदाज येत नाही. इथे असते तर मिशा बघून कळलं असतं. 'इथेच राहीन' म्हणजे न्यायला ये, की आठवडाभर राहतो, की मोजे लागतील, की खरंच इथेच राहीन? तुम्ही म्हणाल, जे लिहिलंय तेच. भाऊजी, तुमचा स्वभाव फार चांगला आहे, पण त्याने आम्हाला घाबरायला होतं.

तर मुद्दा एवढाच, की त्यांना हवं तितकं ठेवून घ्या. उत्तराची मुळीच घाई नाही. (टपालवाला सकाळी येतो आणि एकदा दुपारी. मी जिन्यातच असतो.) ताईला सांगा की तिचा भाऊ ठणठणीत आहे, आणि मानेला उंच उशी तेवढी घेऊ नका.

तुमचा, अतिशय सुखात असलेला,
मेव्हणा

ता. क. : वरचं 'वर्षभर ठेवा' हे तुम्ही जसंच्या तसं घेतलंत तर माझी पंचाईत होईल, म्हणून खुलासा करतो. त्यात थोडी सूट धरलेली आहे. किती, ते तुम्ही ठरवा. महिना समजलात तरी माझी हरकत नाही. आठवडा समजलात तर बरं. पण हे मी लिहिलंय असं बाबांना कळू देऊ नका. त्यांच्या कानावर सहज घाला की घरी तुमच्यावाचून कुणाचं काही अडत नाहीये. बहुतेक लगेच निघतील.

ता. क. (सुनेच्या हातचं) : भाऊजी, वरचं काहीही त्यांच्या कानावर घालू नका, नाहीतर ते तिथे घर विकत घेतील. हे इतकी पानं कसली लिहितायत ते मला कळेना म्हणून मी वाचलं. गोष्ट एवढीच आहे. हे जेवताना बाबांचं ताट मांडतात आणि मग उचलून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, पसारा झाला होता. मला हे बघवत नाही. मला रविवारी सुट्टी आहे, बाबांना न्यायला येते. ट्रंक बांधून ठेवा. त्यांना यायचंय का नाही हे कुणीही विचारू नका, मी आल्यावर मीच सांगेन, चला. बाकी ताईंना नमस्कार.

ता. क. : हिने लिहिलेलं खोडणार होतो. मग म्हटलं असू दे. भाऊजी, तुमच्याकडे टपाल बाबाच घेतात हे ताईने मागे कळवलं होतं, म्हणजे हे पत्र तुमच्या आधी त्यांनी उघडलं असणार आणि पहिल्या पानापासून डावी-उजवी धरत इथवर आले असणार. तेव्हा पुढचं त्यांच्यासाठी.

बाबा, ही एकटी नको, मीही तिच्याबरोबर येतोय. त्या दिवशी धक्क्यावर मी हात पुढे केला होता तो छत्री घ्यायला नव्हता. इथे वारा नाही, बाजू नाही, सूट नाही, लिहिलंय तेच म्हणायचंय. घरी चला. मला तुमच्याशिवाय करमत नाही.